ब्रिटनमध्ये कुठे जेवावे, हे विचारणाऱ्या सोलापूरकरांसाठी

जुळे सोलापुरातल्या आमच्या भागात आता ब्रिटनला कोणीच गेलेले नाही असे घर शोधावे लागते. कोणाचा मुलगा लेस्टरला एम.एस्सी. करतो आहे, कोणाची सून मँचेस्टरच्या रुग्णालयात परिचारिका आहे, तर कोणी आजी-आजोबा व्हिसा काढून नातवंडे सांभाळायला निघाले आहेत. माझी मुलगी बर्मिंगहॅमला राहते, त्यामुळे माझे तिकडे जाणे होते. शिवाय तिथल्या हॉटेलांविषयी आणि शेफ मंडळींविषयी वाचत राहण्याची खोड मला जुनीच आहे. म्हणून निघण्याआधी लोक माझ्याकडे येतात आणि चार चांगल्या हॉटेलांची नावे लिहून द्या म्हणतात. नावे मी देतो, पण प्रत्येक नावाला एक अट जोडतो. ते हॉटेल अजून त्याच जागी आहे का आणि त्याचा भटारखाना सध्या कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहून मगच टेबल राखून ठेवा, ही ती अट.

सोलापुरात अशी खबरदारी घ्यावी लागत नाही. आपल्याकडची नावाजलेली खानावळ बहुधा मालकाच्या आडनावाने ओळखली जाते, जागा घरची असते, मसाला घरच्यांच्या देखरेखीखाली कुटला जातो आणि गल्ल्यावर आज मुलगा बसला असला तरी रश्श्याची चव वडिलांच्या वेळचीच राहते. ब्रिटनमध्ये, आणि लंडनमध्ये तर सर्रास, नाव एकाचे, इमारत दुसऱ्याची आणि चूल तिसऱ्याच्या हाती, अशी वाटणी असते. तिघांपैकी एकाने हात काढून घेतला की मागच्या वर्षीची शिफारस शिळी होते. तेव्हा शेफ कोण आला, कोण गेला, भाडेपट्टा कोणाचा संपला, या बातम्यांकडे केवळ चघळण्याचा विषय म्हणून पाहू नये. जेवायला जाणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग असतो.

सर्वांत ठळक उदाहरण वीरास्वामीचे आहे. १९२६ साली एडवर्ड पामर यांनी रीजंट स्ट्रीटवर सुरू केलेले हे हॉटेल लंडनमध्ये आजवर टिकलेल्या भारतीय हॉटेलांमध्ये सर्वांत जुने आहे. २०१६ साली त्याला मिशेलिन या नामांकित हॉटेल-मार्गदर्शिकेचा स्टार मिळाला. रणजित मथरानी आणि नमिता व कॅमेलिया पंजाबी या भगिनी ते चालवतात. याच कॅमेलिया पंजाबींनी ताज समूहात असताना १९८२ साली लंडनमध्ये बॉम्बे ब्रॅसरी उभी केली होती आणि भारतीय जेवण म्हणजे स्वस्त रस्सा व भात ही तिथली समजूत मोडण्यास सुरुवात करून दिली होती. इतके सगळे असूनही इमारत मात्र राजघराण्याच्या मालमत्तेचे व्यवस्थापन करणाऱ्या क्राउन इस्टेटची आहे. २०२५ मध्ये भाडेपट्ट्याची मुदत आली तेव्हा इमारतीत बदल करायचे असल्याचे कारण देऊन क्राउन इस्टेटने पट्टा वाढवून देण्यास नकार दिला आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. शंभरीला आलेल्या हॉटेलाची ही गत असेल, तर दहा-बारा वर्षांच्या हॉटेलांची काय कथा? वीरास्वामीला जायचे असेल तर अवश्य जा, पण आधी चौकशी करा.

यात नवे काही नाही, असेही म्हणता येईल. ब्रिटनमध्ये भारतीयाने काढलेले पहिले भारतीय हॉटेल म्हणजे पाटण्याच्या शेख दीन महंमद यांचे हिंदुस्थानी कॉफी हाउस. ते लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ १८१० साली उघडले आणि १८१२ साली मालकाचे दिवाळे निघाले. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांना वेताच्या खुर्चीत बसवून हुक्का आणि मसालेदार जेवण द्यायचे, ही कल्पना उत्तम होती, परंतु लंडनच्या त्या श्रीमंती वस्तीतला खर्च तिला पेलवला नाही. त्या जागेजवळ आता त्यांच्या नावाची पाटी आहे.

केवळ भारतीय हॉटेलांचेच असे होते असे समजू नये. आल्बेर आणि मिशेल रू या फ्रेंच बंधूंनी १९६७ साली सुरू केलेल्या ले गाव्रोशने ब्रिटनच्या शेफमंडळींच्या एका अख्ख्या पिढीला घडवले. तीन मिशेलिन स्टार मिळवणारे ते ब्रिटनमधील पहिले हॉटेल. ते जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले. पुढे २०२५ मध्ये मेफेअरमधल्या त्याच जागेत मॅट एबे या शेफने बॉनर नावाचे स्वतःचे हॉटेल काढले. हे एबे त्याआधी कुठे होते? गॉर्डन रॅमसे यांच्या चेल्सीतल्या मूळ हॉटेलात. टीव्हीवर ओरडणारे रॅमसे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत, आणि त्यांच्या नावाच्या हॉटेलात गेल्यावर ते स्वतः चुलीपाशी उभे असतील अशी भाबडी अपेक्षा धरून जाणारेही मला भेटले आहेत. प्रत्यक्षात त्या हॉटेलाचे तीन स्टार २००१ पासून टिकले ते भटारखाना सांभाळणाऱ्या इतरांच्या कर्तबगारीवर. क्लेअर स्मिथ या त्यांपैकीच. त्यांनी तिथली जबाबदारी सोडून नॉटिंग हिलला कोर काढले आणि २०२१ मध्ये त्यालाही तीन स्टार मिळाले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ आहे बटाटा. मंद शिजवलेला एकच बटाटा, त्यावर माशांची अंडी आणि समुद्री शेवाळाच्या चवीचा लोण्याचा सॉस. बटाट्याला इतका मान आपण उपवासाच्या दिवशीही देत नाही.

मिशेलिनच्या नियमातही ही गोष्ट दडलेली आहे. स्टार शेफला मिळत नाही, हॉटेलाला मिळतो. शेफ निघून गेला तर तो स्टार सोबत घेऊन जाऊ शकत नाही, आणि मागे राहिलेल्या हॉटेलालाही पुढच्या वर्षी तो टिकवून दाखवावा लागतो. ही मार्गदर्शिका मुळात टायरच्या कंपनीने मोटार चालवणाऱ्यांसाठी १९०० साली फ्रान्समध्ये काढली. स्टार १९२६ मध्ये आले, एक-दोन-तीन अशी चढण १९३१ मध्ये ठरली, आणि ब्रिटनमध्ये आजच्या स्वरूपातले स्टार १९७४ पासून मिळू लागले. परीक्षक ओळख न देता येतात, बिल स्वतः भरतात आणि पदार्थाचा दर्जा, हातोटी, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि सातत्य एवढेच पाहतात. खुर्ची मऊ आहे की नाही, हे त्यात येत नाही. मला त्यापेक्षा जवळची वाटते ती रेमंड पोस्टगेट यांनी १९५१ साली काढलेली गुड फूड गाइड, कारण तिचा पाया साध्या गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या पत्रांवर उभा होता.

भारतीय स्वयंपाकाला ब्रिटनमध्ये पहिले स्टार मिळायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अतुल कोचर यांचे टॅमरिंड आणि मुंबईकर विनीत भाटिया यांचे झायका या दोघांना ते एकदमच मिळाले. दोन स्टारांसाठी त्यानंतर आणखी दोन दशके जावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनचे जिमखाना आणि बर्मिंगहॅमचे ओफीम यांनी ती पायरी गाठली. जिमखाना सेठी भावंडांचे आहे, त्यांचा व्याप मोठा आहे, आणि तिथले टेबल मिळणे हीच मोठी खटपट असते. ओफीमचे अख्तर इस्लाम हे बर्मिंगहॅममध्येच वाढलेले, बांगलादेशी कुटुंबातले. ब्रिटनच्या गावोगावी ‘इंडियन’ अशी पाटी लावून जी हजारो छोटी हॉटेले उभी राहिली, त्यांतली बहुसंख्य बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या लोकांनी कष्टाने चालवलेली आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. त्याच समाजातला मुलगा त्याच शहरात दोन स्टारांपर्यंत पोहोचला आणि चूल अजूनही स्वतःच्या हाती ठेवून आहे, म्हणून आयुष्यात एकदाच मोठा खर्च करून जेवायचे असेल तर लंडन सोडून बर्मिंगहॅमला या, असे मी सांगतो. मुलगी तिथे राहते म्हणून माझा पक्षपात असेल, तर तो असू द्या. एक व्यवहाराची गोष्ट: अशा पुष्कळ हॉटेलांत दुपारचे ठरावीक जेवण रात्रीपेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि स्वयंपाक करणारे हात तेच असतात.

बर्मिंगहॅमलाच स्पार्कब्रुक आणि बॉल्सॉल हीथ या भागांत बाल्टी मिळते. पातळ पत्र्याच्या लहान कढईत, मोठ्या आचेवर, तुपाऐवजी तेलात झटपट केलेले मटण किंवा चिकन त्याच कढईतून पुढ्यात येते आणि नानने खायचे असते. ही पद्धत १९७०च्या दशकात तिथल्या काश्मिरी-पाकिस्तानी हॉटेलवाल्यांनी रुजवली. आपल्या तिखटाची सवय असलेल्यांना ती थोडी सौम्य वाटेल, पण कढईच्या बुडाला लागलेल्या मसाल्याची गोडी वेगळीच. चिकन टिक्का मसाल्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. ग्लासगोच्या शीश महलला त्याचे श्रेय दिले जाते, एवढे पुरे.

लंडनमध्ये मांसाहारी सोलापूरकराने व्हाइटचॅपलचे तय्यब्स चुकवू नये. १९७२ पासून चालू असलेले हे पंजाबी हॉटेल तव्यावर चरचरत येणाऱ्या मटण चॉपसाठी ओळखले जाते; गर्दी, गोंगाट आणि धूर पाहून आपल्या गावची आठवण येईल. इंग्रजी जेवण चाखायचे असेल तर स्मिथफील्डच्या मटण बाजाराजवळचे सेंट जॉन आहे. फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली जनावराचा एकही अवयव वाया जाऊ द्यायचा नाही, या तत्त्वावर ते सुरू केले, तेव्हा इंग्रजांनाच ते नवल वाटले होते. वजडी, मुंडी, नळी यांची सवय असलेल्या सोलापूरकराला त्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. मात्र तिथला भाजलेल्या नळीचा प्रसिद्ध पदार्थ वासराच्या हाडांचा असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच लक्षात ठेवावे.

ठिकाण बदलूनही चूल तीच राहिल्याची उदाहरणेही आहेत, आणि मला ती अधिक भावतात. कोलकात्यात वाढलेल्या आस्मा खान यांनी कायद्यात पीएच.डी. केल्यानंतर घरी पाहुणे जेवू घालत सुरुवात केली आणि २०१७ साली सोहोतल्या किंग्ली कोर्टमध्ये दार्जिलिंग एक्स्प्रेस काढले. भटारखान्यात सगळ्या बायका, आणि त्याही हॉटेलात कधी काम न केलेल्या, घरी स्वयंपाक करणाऱ्या गृहिणी. मध्ये ते कोव्हेंट गार्डनला गेले, तिथून हलले आणि २०२३ मध्ये पुन्हा किंग्ली कोर्टला परतले. सायरस तोडीवाला या मुंबईच्या पारशी शेफने १९९५ साली काढलेले कॅफे स्पाइस नमस्तेही शहराच्या मध्यातली जुनी जागा सोडून पूर्वेकडे रॉयल डॉक्सच्या भागात गेले. जुना पत्ता घेऊन निघालेल्या माणसाला दोन्ही वेळा हॉटेल बंद पडले असेच वाटले असते.

आता शाकाहारी मंडळींकडे वळतो, कारण विचारणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते; लिंगायत आणि जैन घरांतले ज्येष्ठ तर अंड्याचा वास आला तरी उठून जातात. त्यांना माझे पहिले उत्तर लेस्टर. युगांडातून १९७२ मध्ये हाकलले गेलेले गुजराती तिथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले, आणि बेलग्रेव्ह रोडवर १९७६ पासून चालणाऱ्या बॉबीजसारख्या हॉटेलांत शुद्ध शाकाहारी जेवण निर्धास्तपणे मिळते. ब्रॅडफर्ड आणि लीड्सच्या मधल्या ड्रिग्लिंग्टनला कौशी पटेल यांच्या कुटुंबाचे प्रशाद आहे. एके काळी कपडे धुण्याचे दुकान असलेल्या ब्रॅडफर्डच्या गाळ्यातून ते कुटुंब वर आले आणि २०१० साली रॅमसे यांच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत थेट अंतिम फेरीत पोहोचले. त्याच कुटुंबातल्या मयूर पटेल यांनी भागीदारासह २०१४ साली लीड्सला बुंदोबस्त काढले, जिथे वडापाव आणि भेळ यांच्या जोडीला बिअर मिळते. लंडनमध्ये युस्टन स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ड्रमंड स्ट्रीटवर डोसा आणि भेळ देणारी जुनी शाकाहारी हॉटेले आहेत; रेल्वेने पुढे जाणाऱ्यांना ती सोयीची पडतात.

मराठी पदार्थांचे काय, हा प्रश्न ठरलेला असतो. सुजय सोहोनी आणि सुबोध जोशी या दोघा मुंबईकर मित्रांनी मंदीत नोकरीचा फटका बसल्यावर २०१० साली लंडनच्या हाउन्स्लो भागात श्रीकृष्ण वडापाव सुरू केला आणि पुढे त्याच्या शाखा वाढवल्या. विमानतळ तिथून जवळ असल्याने नुकताच उतरलेला मराठी विद्यार्थी पहिला घास तिथे घेतो, यात आश्चर्य नाही. पण वडापाव, मिसळ आणि साबुदाणा खिचडी यांच्यापुढे मराठी स्वयंपाक तिथल्या हॉटेलांत फारसा सरकलेला नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची आमटी, धपाटे, हुग्गी असे ताट मांडणारे हॉटेल मला तिथे आढळलेले नाही. जिमखान्यासारख्या ठिकाणी भारतातल्या रानमांसाचे आणि क्लबांचे कौतुक चालते, मग मंगळवेढ्याच्या ज्वारीनेच काय घोडे मारले आहे? भाकरी थापून लगेच पानात पडावी लागते आणि त्यासाठी सतत तव्यापाशी उभे राहणारे हात लागतात, हे खरे. परंतु कडक भाकरीला तीही अडचण नाही.

शेंगा चटणीबद्दल मात्र गांभीर्याने लिहायला हवे, कारण सोलापूरकराच्या बॅगेत ती असतेच. ब्रिटनमध्ये हॉटेलांनी आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या १४ मध्ये शेंगदाणा आहे, तीळ आहे, मोहरीही आहे. म्हणजे आपली चटणी, तिळगूळ आणि फोडणी तिन्ही यादीत सापडतात. विकण्याच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवर सगळे घटक छापण्याची सक्ती ऑक्टोबर २०२१ पासून आली, आणि तिच्यामागे तिळाच्या ॲलर्जीने विमानप्रवासात दगावलेल्या एका शाळकरी मुलीची कहाणी आहे. तेव्हा हॉटेलात वेटरने ॲलर्जी आहे का म्हणून विचारले तर वैतागू नका, आणि वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात चटणीचा डबा उघडा ठेवू नका, सोबत राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय तो चमचा दुसऱ्या भांड्यात घालू नका. शेंगदाण्याच्या कणानेही ज्यांचा श्वास कोंडतो अशी माणसे तिकडे खरोखर भेटतात.

बिलाविषयी थोडे. मेन्यूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, पण लंडनमध्ये बिलाच्या शेवटी बहुतेक ठिकाणी १२.५ टक्के सेवाशुल्क जोडून येते. ते ऐच्छिक आहे असे लिहिलेले असेल आणि सेवा खराब वाटली तर काढून टाकायला सांगण्यास हरकत नसते. एरवी ते द्यावे असे माझे मत आहे, कारण ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या कायद्याने ही सगळी रक्कम कामगारांनाच वाटणे मालकावर बंधनकारक केले आहे. दारावर ० ते ५ अशा गुणांची स्वच्छतेची हिरवी-काळी पाटी दिसेल. वेल्समध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती लावावीच लागते, इंग्लंडमध्ये मात्र लावणे मालकाच्या मर्जीवर आहे. इंग्लंडमध्ये एखाद्याने ती लावली नसेल तर गुण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आणि रात्री साडेनऊला जेवायला बाहेर पडायची आपली सवय लहान गावांत उपयोगाची नाही, तिथल्या पबचा भटारखाना तोवर बंद झालेला असतो.

शेवटची बातमी हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी. ब्रिटनमधली हॉटेले सध्या ओढगस्तीत आहेत. एप्रिल २०२५ पासून मालकांना कामगारांच्या राष्ट्रीय विम्यापोटी १३.८ ऐवजी १५ टक्के भरावे लागतात, आणि तेही वार्षिक ९,१०० पौंडांऐवजी ५,००० पौंडांवरच्या पगारापासून. त्याच सुमारास परदेशी आचाऱ्यांसाठी दारही मिटले. कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेला होता. २२ जुलै २०२५ पासून तो ४१,७०० पौंड झाला आणि शिवाय पदवीच्या पातळीची कामेच त्या व्हिसाला पात्र ठरू लागली. शेफचे काम त्या पातळीत बसत नाही, त्यामुळे नव्याने जाणाऱ्या शेफला हा व्हिसा मिळत नाही. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत हॉटेलात काम करता येते, आणि पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर भटारखान्यातली नोकरीही चालते, पण त्याची दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी १८ महिन्यांवर येणार आहे. तरीही शेफच्या नोकरीचे पत्र दाखवून लाखो रुपये मागणारे एजंट आपल्याकडे फिरत आहेत. परदेशी कामगार बोलावण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळते, पण हॉटेलाचे नाव त्या यादीत सापडले म्हणून पैसे मोजू नका, कारण मालकाकडे परवाना असला तरी शेफच्या कामासाठी नवा व्हिसा त्याला आज देता येत नाही.